निरंक अहवाल

जयसिंगपूर परिसरातल्या एका कॉलेजात मी अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष होते. वर्षाअखेरीला लैंगिक छळाच्या तक्रारींचा अहवाल जायचा. त्यावर ‘निरंक’ लिहून मी सही करायचे. त्या वर्षी तक्रार आली होती. मी ती कागदावर येऊ दिली नाही.

शिरोळ तालुक्यातल्याच एका गावातून एसटीने येणारी मुलगी. वर्गातला एकजण स्टँडपर्यंत तिच्या मागे जायचा, रात्री घाणेरडे मेसेज पाठवायचा. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मेसेज वाचून मी म्हणाले, “अगं, लेखी दिलंस की गावभर होतंय बघ. मी समज देते त्याला.” दोघांना समोरासमोर बसवलं, त्याला माफी मागायला लावली. वर तिच्या वडिलांना फोन केला. त्यांनी तिचं कॉलेजच बंद केलं. मुलगा यथावकाश पदवीधर झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबाबतचे 2015 चे विनियम माझ्याच कपाटात होते. तक्रार लिहायला मदत करणं हे अध्यक्षाचं काम. समेट करायचा तो तक्रारदाराने मागितला तरच. चौकशी 90 दिवसांत संपवायची, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचे, नाव गुप्त ठेवायचं. मी तर तिच्या घरीच फोन लावला होता. कॉलेजचं नाव जपण्यापुढे मला तिचं शिक्षण दिसलं नाही.

चौकशी घाईने उरकली तरी मुलींचंच नुकसान होतं. गोवा विद्यापीठात 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रार केली. समितीने त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षांनी त्या मुलींचं प्रकरण पुन्हा समितीपुढे! निकाल वाचताना मला त्या समितीचा राग आला. पण तिथे निदान तक्रारीची नोंद होती.

मुलींनो, तक्रार लेखी द्या आणि तारखेसह पोच घ्या. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि आईवडिलांनो, मुलीने असं काही सांगितलं तर तिचं कॉलेज बंद करू नका. तिच्याबरोबर समितीपुढे या.