सिंगापूरहून जबलपूरला आलेली ठिणगी

जबलपूरला आलात की भेडाघाट पाहाल, गोरखपूरच्या बाजारात फिराल. पण थोडा वेळ छावणीसाठीही ठेवा. एका दूरच्या युद्धाची गोष्ट इथवर पोहोचली आहे.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायात उतरल्या. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. हजारो भारतीय सैनिक कैद झाले आणि त्यांतूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. युद्धानंतर तिच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले. त्याचा राग इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्येही धुमसत होता. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी सुमारे १,७०० जवान शस्त्राविना, घोषणा देत तिलकभूमीपर्यंत चालत गेले. पुढे अनेकांची नोकरी गेली.

मुंबईतले नाविकांचे बंड आपल्याला आठवते. जबलपूरहून परतताना या जवानांचीही आठवण सोबत न्या.