अवामेरच्या तळ्याकाठी

कतारला पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सूक वाकिफ, दुसऱ्या दिवशी इस्लामी कला संग्रहालय आणि कटारा, सुट्टीच्या दिवशी वाळूच्या टेकड्या ओलांडून खोर अल अदैद. बिरकत अल अवामेर कुणी कुणाला दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या सासूबाई तीन महिने इथे राहून गेल्या. मुलगा रोज जातो ते ठिकाण कसं आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तिथे दाखवण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते. बिरकत अल अवामेर हा दोह्याच्या दक्षिणेला, अल वकरा नगरपालिकेच्या हद्दीत येणारा गोदामांचा इलाखा आहे. आपल्याकडच्या एमआयडीसीतून झाडं, चहाच्या टपऱ्या आणि गणपतीचं देऊळ काढून टाका, रस्ते दुप्पट रुंद करा आणि वरून राखाडी-पिवळा रंग द्या, म्हणजे चित्र साधारण पुरं होतं. पत्र्याच्या उंच शेडांच्या रांगा, कंटेनर, ट्रेलर आणि दुपारी चारनंतर गाड्यांच्या टायरखालून उठणारी, पिठासारखी बारीक धूळ. अरबीत 'बिरका' म्हणजे तळं आणि अवामेर हे एका टोळीचं नाव, म्हणजे हे अवामेरांचं तळं. पूर्वी पावसाचं पाणी इथे साचत असणार, असा माझा आपला तर्क. मराठीची शिक्षिका असताना गावांच्या नावांवर एक तास घ्यायचे, ती सवय सुटत नाही. आता तिथलं पाणी म्हणजे पाण्याच्या टँकरमधून गळतं तेवढंच.

आमचे अहो तिथल्या एका गोदामात साठ्याचा हिशेब बघतात. वकऱ्यातल्या आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, उकाडा सरत आला तसा त्यांनी एक बॉम्ब टाकला. ऑफिसातला एक सहकारी देश सोडून चाललाय, त्याची मोटरसायकल स्वस्तात मिळतेय. सुट्टीच्या दिवशी फिरता येईल, शिवाय सकाळी कामावरही जाता येईल.

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. कारण त्यांना माहीत होतं.

१९९९ सालची गोष्ट. मी पाचवीत होते. आमचं घर इचलकरंजीत, बाबा एका सायझिंगमध्ये कारकून. उसाचा हंगाम चालू होता. कोल्हापूरहून रात्री एम-८० वरून परत येताना हातकणंगल्याजवळ ट्रॅक्टरमधून पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून गाडी घसरली. वेग फार नव्हता. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही. पण डाव्या मांडीवर घसटत गेले, आणि अंगात होती टेरिलिनची पँट. घासून तापलेलं ते कापड जखमेत वितळून बसलं होतं. डॉक्टर चिमट्याने एकेक काळा कण काढत होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत होते. मी दाराशी उभी होते, मला कुणी घरी पाठवलं नाही. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जिथल्या प्रत्येक घराचा घास सुतावर चालतो, त्या गावातल्या माणसाला कापडानेच असं भाजलं. घरात त्यानंतर बरीच वर्षं टेरिलिन आलं नाही.

पंधरा दिवस घरात थंड युद्ध चाललं. मग अहो म्हणाले, "तू म्हणशील ते कपडे घालीन. तूच निवड." यात त्यांची चतुराई होती, हे मला उशिरा कळलं. निवड करायला बसले म्हणजे गाडीला होकार दिल्यासारखंच झालं.

माझ्या मनात उत्तर आधीच तयार होतं, चामडं. आजोळ कोल्हापूरचं. सुट्टीत मामाबरोबर चप्पल लाईनमध्ये गेलं की त्या वासानेच मला बरं वाटायचं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजोबांची कापशी चप्पल तर त्यांच्यामागेही राहिली. अहोंचं म्हणणं उलट. ते म्हणाले, "अगं, इथे चामडं घालून सिग्नलला उभा राहिलो तर मी हुरड्यासारखा भाजून निघेन." सहकाऱ्याने गाडीबरोबर त्याचं जुनं चामडी जॅकेटही देऊ केलं होतं, ते त्यांनी घरी आणलं. दिसायला देखणं. पण बाही दुमडली तर पापड मोडावा तसा आवाज आला. काखेत घामाच्या मिठाचे पांढरे ओघळ, कोपराला बारीक तडे. मी कोल्हापुरातल्या ओळखीच्या चप्पलवाल्या काकांना फोनवर ते दाखवलं. ते म्हणाले, "पोरी, कातडं हे पण अंगच असतंय. त्याला तेल नको व्हय? हे मेलंय." चामड्याला घामाचं मीठ आणि कोरडी उष्णता दोन्ही मारतात, आणि कतारात दोन्हींची कमतरता नाही.

मग एका शुक्रवारी अहो मला आणि लेकाला घेऊन बिरकतला गेले. त्यांच्या गोदामाच्या पलीकडच्या शेडमध्ये डिलिव्हरीवाल्यांना लागणाऱ्या मालाचा साठा असतो: हेल्मेटं, हातमोजे, जॅकेटं. तिथले स्टोअरकीपर पाकिस्तानातल्या सियालकोटचे. तिथे सगळे त्यांना चाचा म्हणतात. सियालकोट फुटबॉलसाठी आपल्याला माहीत असतं, पण मोटरसायकलस्वारांचे चामडी कपडे आणि हातमोजे यांचंही ते मोठं केंद्र आहे. चाचांनी तरुणपणी तिथल्या कारखान्यात बारा वर्षं चामडं कापलंय. मी इचलकरंजीची म्हटल्यावर ते गाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण लूम म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आम्हाला बसायला दोन खोकी पुढे सरकवली.

पुढचा दीड तास मी विद्यार्थिनी होते. चाचांनी चामड्याचा तुकडा बोटांत धरून दाखवला. रस्त्यावर चालणारं गाईचं चामडं साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाड हवं. वरचा, मूळ पोताचा थर हवा. त्याखालचा सोललेला थर स्वस्त पडतो, पण दम कमी. शिवण बाहेरून दिसते तेवढीच असेल तर ती रस्त्यावर पहिल्यांदा घासली जाणार. म्हणून आत लपलेली दुसरी, तिसरी शिवण असते का ते उलटं करून बघायचं. कापड कितीही भारी असलं तरी उसवलं की संपलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाबद्दल मी नंतर वाचलं. २१२ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांचे कपडे तपासले, तेव्हा खास मोटरसायकलसाठी म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकी जवळपास तीस टक्के निकामी ठरली होती. हे वाचल्यावर चाचांची शिवण आठवली.

कापडाकडे वळल्यावर मात्र मी घरच्या मैदानावर आले. लेबलवर ५०० डेनिअर लिहिलं होतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आमच्याकडे सुताचा काऊंट वाढला की सूत बारीक होतं. डेनिअर वाढला की धागा जाड. चाचांना हे उलटसुलट गणित फार आवडलं. खांद्याला, कोपराला जाड विणीचं नायलॉन आणि छातीला, पाठीला वारा जाईल अशी जाळी, असं ते जॅकेट होतं. आत कोपर, खांद्याला गाद्या. जाळी जेवढी मोठी तेवढा वारा जास्त आणि घासण्याला टक्कर कमी, हे चाचांनी स्वतःहून सांगितलं. मालाची खोटी तारीफ त्यांनी एकदाही केली नाही. कपड्याच्या आत युरोपीय मानकाचं लेबल असतं, ईएन १७०९२. त्यात एएए ही सर्वांत वरची श्रेणी, मग एए, मग ए. गाद्यांचं मानक वेगळं, ईएन १६२१, आणि त्यात दुसरी पातळी पहिलीपेक्षा जास्त धक्का शोषते. लेबलच नसेल तर ते जॅकेट थंडीसाठी घालावं, असं चाचांचं मत.

मी विचारलं, "हे वितळतं का?"

चाचा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून लायटर काढला, तीन-चार कापडांच्या कातरणी घेतल्या आणि आम्हाला शेडच्या बाहेर, मोकळ्या फरशीवर नेलं. ही परीक्षा मला नवी नव्हती. इचलकरंजीत सूत पारखायला लहान पोरंही धागा जाळून बघतात. सुती कातरण कागदासारखी जळली आणि राख झाली. पॉलिस्टर आक्रसलं, गळलं, टोकाला काळा कडक मणी झाला. मी तो मणी बघितला आणि माझं पोट गोळा झालं. नायलॉन थोड्या वेळाने, पण त्याच वाटेने गेलं. चामडं नुसतं आकसलं, केस जळाल्याचा वास आला. शेवटी चाचांनी पिवळसर रंगाची एक कातरण धरली. ती काळी पडली, लाल झाली आणि ज्योत काढताच विझली. थेंब नाही, मणी नाही. ते ॲरामिड, म्हणजे आपण ज्याला केव्हलार म्हणून ओळखतो त्या घराण्यातलं. १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलारचा शोध लावला, हे मी लेकाला तिथेच सांगून घेतलं. बाईचं नाव आलं की मी सोडत नाही.

"रास्ता लायटर नहीं है, बेटी," चाचा म्हणाले. जाड नायलॉन घसरताना लगेच वितळत नाही, चांगल्या विणीचं कापड शहरातल्या वेगाला बऱ्यापैकी टिकतं. लांब घसरायचं असेल तर चामड्याला तोड नाही. पण गरम होतंय म्हणून घरी खुंटीला टांगून ठेवलेलं जॅकेट कुणालाच वाचवत नाही, हे त्यांनी अहोंकडे बघून सांगितलं.

इथली हवा हा खरा तिसरा पक्ष. २०१० च्या जुलैत दोह्यात ५०.४ अंशांची नोंद झाली होती. जून-जुलैत शमाल वारा कोरडा असतो, जाळीतून तो आत शिरला तर घाम सुकतो, पण अंगातलं पाणीही भराभर जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात दमट हवेत घाम सुकतच नाही, मग जाळी असली काय नि नसली काय. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते, ती उगीच नाही. तेव्हा मी तिथेच, खोक्यावर बसून अट घातली. मे ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची. अहोंनी एप्रिल अखेरीपर्यंत तरी, असं काहीतरी पुटपुटत मान्य केलं.

आम्ही बोलत असताना शेडच्या दारात एक मुलगा हातमोजे बदलून घ्यायला आला. आमचं मराठी ऐकून थांबला. सांगोल्याचा. डिलिव्हरीचं काम करतो. त्याच्या अंगातलं जॅकेट म्हणजे चकाकत्या पट्ट्या शिवलेलं पातळ कापड होतं, आत गादी नव्हती, आणि खाली साधी जीन्स. मी नको तेवढ्या उत्साहाने त्याला ॲरामिड दाखवायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, हे चांगलंय. पण पगारात नाही बसत." मग त्याने अहोंना एक गोष्ट सांगितली, जी चाचांनीही सांगितली नव्हती. या भागातल्या राउंडअबाउटवर ट्रकमधून सांडलेली वाळू आणि खडी असते, सकाळच्या उन्हात ती डांबरासारखीच दिसते, तिथे ब्रेक लावायचा नाही. तो तिथेच मार्चमध्ये पडला होता. कोपराचं खरचटलेलं दाखवताना त्याने बाही वर केली. मी बघायचं टाळलं.

शेवटी काय घेतलं? जॅकेट कापडी, एए लेबलचं, कोपर-खांद्याला जाड वीण, पाठीची गादी वेगळी विकत घेऊन आत बसवलेली. हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट चामड्याचे. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि हात-पाय तापण्याची तक्रार छातीएवढी नसते. पँट म्हणजे आतून ॲरामिड लावलेली जीन्स, गुडघ्याला आणि कमरेला गाद्या. चामड्याची पँट मला हवी होती, तिथे मी हरले. पण पँटचं सगळ्यांत आतलं अस्तर पॉलिस्टरच्या जाळीचं निघालं. तेव्हा खाली सुती लेंगा घातल्याशिवाय गाडीला किल्ली लागणार नाही, हे मी जिंकले. जॅकेटच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आणि कोपराच्या गाद्यांची एक जास्तीची जोडी घेतली. अहोंनी पुढच्या आठवड्यात ती सांगोल्याच्या त्या मुलाला नेऊन दिली. त्याने ती शर्टाच्या बाहीत आतून शिवून घेतली म्हणे.

त्या मेलेल्या चामडी जॅकेटला मी महिनाभर थोडंथोडं तेल चोळलं. कोपराचे तडे तसेच राहिले, पण वास परत आला. ते कपाटात आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी पहाटे अहो पहिल्यांदा निघाले. वकरा ते बिरकत आणि परत, तेही लेक आणि मी मागून गाडीत. गोदामांची कुलपं लागलेली, धूळ खाली बसलेली, एरवी ट्रेलरांनी भरलेला रस्ता मोकळा. राउंडअबाउटला ते आधीच सावकाश झाले. चाचांच्या शेडपुढे थांबून आम्ही थर्मासमधला चहा घेतला. सासूबाईंना दाखवायला मी फोटोही काढला. मागे पत्रा, पुढे मुलगा, डोक्यावर हेल्मेट, ओळखू येत नाही तो भाग सोडा.

घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते जावयाशी गाडीच्या मायलेजबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, इचलकरंजीत नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय ते सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "विजार दाखवा बघू."

अहोंनी पँट वर धरली.

"बाहेरनं नको. आतनं."

मी फोन हातात घेतला, पँट उलटी केली आणि कॅमेरा शिवणीजवळ नेला. मग सुती लेंगाही दाखवला. बाबा बराच वेळ चष्मा वर-खाली करत बघत होते.

"हां," ते म्हणाले. "हे चालंल."