धोडपची धार

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
२० नोव्हेंबर

चि. ओंकार,


धोडप किल्ल्याच्या माचीवरचा तुझा व्हिडिओ वहिनींनी मला पुढे पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही, यावरून त्या किती रागावल्या आहेत ते समज. दोन्ही बाजूंना दरी आणि साहेब एका हातात फोन धरून चालले आहेत! रागवायचं काम त्या करतीलच. मी लिहितो आहे ते तुझ्या प्रश्नासाठी. "काका, एवढं सोपं होतं, मग लोक उगाच का घाबरवतात?" असं तू विचारलंस तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, बोलणं अर्धवट राहिलं. दिवाळी सरल्यावर आता जरा सवड आहे.

सोपं होतं, हे खरंच. सुपारी हनुमानापासून आपल्या दुकानापर्यंत सणासुदीच्या गर्दीत तू रस्त्याच्या वीतभर कडेवरून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कितीदा आला असशील. माचीवरची वाट त्याहून बरीच रुंद आहे. पण गुलमंडीत पाय चुकला तर रिक्षावाल्याच्या दोन शिव्या खाव्या लागतात, आणि तिथे चुकला तर पुढचं बोलायला माणूस उरत नाही. वाट किती अवघड आहे हा एक प्रश्न आणि चुकलं तर काय होईल हा दुसरा. डोंगरात घात होतो तो दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावरून काढल्यामुळे. अवघड रॉकपॅच आला की सगळे आपोआप शहाणे होतात, दोर निघतो, हार्नेस चढतो, आवाज खाली येतो. सोपी धार आली की हेल्मेट सॅकला लटकतं आणि गप्पा सुरू होतात.

ही धार मुळात आहे काय, ते आधी बघ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला सगळा मुलूख तयार झाला. या थरांना उभ्या भेगा पडल्या, त्यांत खालून लाव्हा घुसला आणि तिथेच थिजला. पुढे पावसापाण्याने भोवतालचा खडक झिजत गेला आणि भेगेत थिजलेला टणक पत्थर भिंतीसारखा उभा राहिला. धोडपची माची ही अशी भिंत आहे. माळशेज घाटाजवळचा मोरोशीचा भैरवगड हीसुद्धा तशीच भिंत, तिथे मात्र दोराशिवाय कुणी जाऊ नये. दूर चांदवडच्या रस्त्यावरूनही धोडपच्या भिंतीत पडलेली चौकोनी खाच दिसते, ती मधला खडक निखळल्यामुळे झालेली.

हे भूगोलाच्या तासासाठी सांगत नाही. अशा भिंतीतला लाव्हा दोन्ही बाजूंनी निवत आत गेला, म्हणून त्याला तडे पडले ते आडवे. धारेवर जो चिरा तुला भक्कम वाटतो, तो बऱ्याचदा सगळ्या बाजूंनी सुटा असतो, नुसत्या वजनावर टिकलेला. म्हणून खोबणीत बोटं घालण्याआधी दगडावर तळव्याने थाप मारायची. आवाज घट्ट आला तर धर, पोकळ आला तर सोडून दे. धरलेला दगडही आपल्याकडे ओढायचा नाही, खाली दाबायचा. दोन हात, दोन पाय, यांतलं एका वेळी एकच हलवायचं. तुझ्या एका हातात फोन होता, म्हणजे हा हिशेब सुरुवातीलाच बिघडलेला.

भीती वाटलीच नाही, असंही तू अभिमानाने सांगितलंस. वाटली असती तरी त्यात कमीपणा नव्हता. दरी पाहून दृष्टिभय भल्याभल्यांना होतं. ते झालं की शरीर एक खोटा सल्ला देतं, कातळाला बिलग म्हणतं. बिलगलास की वजन पायांवरून सरकतं आणि बुटाची पकड सुटते. ताठ उभं राहायचं, वजन सरळ टाचांवर आणि पंजांवर येऊ द्यायचं. उतरताना टप्पा उभा असेल तर तोंड कातळाकडे. आणि आडव्या वाटेवर सॅकचं भान ठेवायचं. कातळाच्या बाजूला सॅक घासली की ती आपल्याला दरीकडे ढकलते, आणि ढकललं कुणी हे कळायच्या आत तोल गेलेला असतो.

आता दोराबद्दल. "पुढच्या वेळी सगळे एकमेकांना बांधून घेऊ" असं तुझा मित्र म्हणाला म्हणे. नुसतं एकमेकांना बांधणं म्हणजे एकाच्या चुकीत सगळ्यांना भागीदार करणं. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि सोबतचे सहा जण आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. उतरताना हॅडो नावाच्या नवख्या पोराचा पाय घसरला आणि दोराने जोडलेले आणखी तिघे त्याच्यासोबत गेले. मधला दोर तुटला म्हणून उरलेले तिघे वाचले. दोराचं दुसरं टोक कातळात, बोल्टला किंवा भक्कम सुळक्याला अडकवलेलं असेल तरच तो कामाचा. ते जमत नसेल तर मोकळं, सावकाश आणि एकामागून एक चालावं.

दिवसही पाहावा. पावसाळ्यात हा कातळ शेवाळाने बुळबुळीत असतो. पावसानंतर गवत वाढून कडा झाकतं, आणि ते वाळलं की मुरमावर पसरून घसारा आणखी वाढवतं. दुपारी वारा उठला की धारेवर पावलागणिक थांबावं लागतं. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. एरवी माणूस पळून जीव वाचवतो, धारेवर पळायला जागा कुठे?

एवढं वाचून जाऊच नको असा अर्थ काढू नकोस. माचीच्या टोकाशी उभं राहिल्यावर एकीकडे रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग आणि दुसरीकडे कांचना, इंद्राई, राजधेर असे सातमाळा रांगेचे गड एका ओळीत दिसतात. हीच रांग मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईवरून पूर्वेला येत आपल्या गौताळ्यापर्यंत, अंतूरपर्यंत आणि पुढे अजिंठ्यापर्यंत पोचते. आपल्या घरामागचा डोंगर दुसऱ्या टोकाकडून पाहायला मिळावा, हे मलाही हवं आहे.

तेव्हा नाताळच्या सुट्टीत ये. येवला, मनमाड, चांदवड, वडाळीभोई असं करत पायथ्याच्या हट्टीला पोचू. १७६८च्या जूनमध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी याच धोडपपाशी आपल्या काकांना, राघोबादादांना हरवलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. तू वर माझ्यापुढे निघून गेलास तर इतिहासाला धरूनच होईल, माझी हरकत नाही. अट एकच. खाचेच्या किती अलीकडे थांबायचं, वारा असला तर कुठून परतायचं, हे हट्टीत चहा पितानाच ठरेल. वर गेल्यावर "अजून थोडं पुढे" कुणीही म्हणायचं नाही, मी म्हटलं तरी तू ऐकायचं नाही. हे कबूल असेल तर लगेच कळव, म्हणजे वहिनींची परवानगी काढायचं खरं अवघड काम मी अंगावर घेतो.

तुझा,
काका