जिपेची वही

आमच्या घरी किराणा, दूध आणि शेत अशा तीन वह्या पूर्वीपासून आहेत. चौथी वही २०२३ सालच्या दसऱ्याला घातली. ती जिपेची.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९९४ चे मॉडेल. प्यूजो बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन, चारही बाजूंना पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आणि पावसात हूड जिथे हवे तिथेच गळते. माझ्या सासऱ्यांनी ती शेतासाठी घेतली. शेत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. मृग लागला की मुख्य रस्ता सोडल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे नुसता तांबडा राडा. तिथे दुसरी गाडी जात नाही, ही जाते.

माझे माहेर शहापूरचे, मराठी. सासर कानडी. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आपल्या भागात दोन्ही भाषांत ते चालून जाते. २००१ साली लग्न होऊन आले तेव्हा मला कानडी समजायचे, बोलता येत नव्हते. शेताला जाताना मामा जीप चालवत आणि मला रस्त्यावरच्या दगडांचे आकडे कानडीत वाचायला लावत. शंभरपर्यंत मी त्या जिपेत शिकले. त्यामुळे ही नुसती गाडी आहे असे मला कधी म्हणता आले नाही, आणि वही घालायची वेळ आली तेव्हा हीच अडचण झाली.

झाले असे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मावशीकडे साखळीला निघालो होतो. कणकुंबी, चोर्ला मागे पडले आणि केरीच्या बाजूचा उतार लागला. धुके, पाऊस, वळणावर वळण. मागे मुलगा आणि मामा. अर्ध्या घाटात हे एकदम गप्प झाले. ब्रेकवर पाय ठेवला की पेडल खालीच जात होते. त्यांनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर गिअर घेतला आणि डोंगराच्या अंगाच्या गटारीत चाक घालून गाडी थांबवली. कुणाला खरचटलेही नाही. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पेडल आपोआप वर आले, जसे काही झालेच नव्हते. पहिल्या गिअरवर रांगत आम्ही खाली उतरलो. मावशीकडे पोचेपर्यंत कुणी बोलले नाही.

घरी आल्यावर विक्रीची गोष्ट निघाली. ओळखीतला एक तरुण जंगलातल्या वाटा तुडवायच्या हौसेपायी जुनी जीप शोधत होता. तो एक लाख साठ हजार द्यायला तयार होता. मामांनी एवढेच विचारले, "एत्तु कुंटिद्र मारतारेनु?" बैल लंगडला म्हणून विकतात काय?

"विकतात की," हे म्हणाले.

मामा हसले नाहीत. उठून आत गेले. त्यांचे वय तेव्हा ७८. जीप गेली की पावसाळ्यातले त्यांचे शेत बंद, हे सगळ्यांना कळत होते. बोलून कुणी दाखवले नाही.

शेवटी ठरले की ७५ हजार रुपये खर्चायचे, त्यात होईल ते करायचे, नाही झाले तर विकायची. हिशेब माझ्याकडे आला. मी पतसंस्थेत नोकरी करते, म्हणून घरातले सगळे अवघड हिशेब माझ्याकडेच येतात.

पहिली यादी हे आणि मुलगा यांनी मिळून केली. रुंद टायर, गाडी चार इंच उचलायची, पुढे लोखंडी बंपर, टपावर एलईडीची पट्टी. बेरीज ९० हजारांच्या वर गेली आणि तीत ब्रेक हा शब्दच नव्हता! ती यादी घेऊन आम्ही मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्री कानडी, पण गिऱ्हाईक मराठी असले की मराठी बोलतात आणि मुद्द्याचे तेवढे कानडीत सांगतात. यादी वाचून ते म्हणाले, "मोदल निंद्रबेकु, आम्याल ओडबेकु." आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे.

रुंद, उंच टायरांचे त्यांनी नीट समजावून सांगितले. चाक मोठे झाले की बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर भार वाढतो. इंजिनाला तेच काम जड जाते, कारण एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. कायद्याचे मुलाने मोबाईलवर शोधले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरले. लोखंडी बंपरवर तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. यादीतल्या चारपैकी तीन ओळी तिथेच खोडल्या. मुलाचे तोंड उतरले. ह्यांचेही.

मग मी वहीत चार रकाने आखले. थांबणे, वळणे, चालणे आणि दिसणे. पैसे याच क्रमाने जायचे. वरचा रकाना पुरा झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही.

थांबणे. चाके उघडली तेव्हा मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरमधून ऑइल झिरपून लायनर भिजलेले दिसले. ड्रमला आतून चरे पडले होते. घाटात पेडल खाली जाऊन परत वर का आले, तेही कळले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. आमचे किती वर्षे बदलले नव्हते ते मामांनाही आठवेना. उतारावर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतात, त्या उष्णतेने ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. निवले की पुन्हा ठीक वाटते. म्हणजे "आता बरी झाली" म्हणून आम्ही पुढे गेलो, ती सगळ्यात मोठी चूक होती. चारही चाकांचे सिलिंडर, लायनर आणि मास्टर सिलिंडरचे किट नवीन घातले, गंजलेली एक पाइप बदलली, ड्रम उद्यमबागेत लेथवर घासून आणले. पुढे डिस्क ब्रेक बसवून देणारे होते, पण मूळचेच नीट केले तर आपल्या वापराला पुरतात, असे मेस्त्रींचे मत पडले. १४,२०० रुपये.

वळणे. पन्नासच्या वर गेली की स्टिअरिंग थडथडायचे. आम्हाला वाटायचे जीप म्हटली की हे असायचेच. तसे नव्हते. किंगपिनचे बेअरिंग आणि टाय रॉडचे एंड झिजले होते, पाट्यांचे बुश संपले होते, एका पाट्याचे एक पान तुटलेले होते. नवे पाटे न घेता जुनेच कमानीत ठोकून घेतले, तुटलेले पान तेवढे बदलले. १६,८०० रुपये.

चालणे. थंडीत ही सकाळी चालू होत नसे, ढकलावी लागे. एकाने सांगितले होते, इंजिन गेले, उघडून बोअर करा. त्याला आमचे सगळेच पैसे लागले असते. मेस्त्रींनी आधी हीटर प्लग काढले. ह्या इंजिनाला थंडीत चालू व्हायला आतली हवा त्या प्लगनी तापवावी लागते. चारपैकी तीन मेलेले, आणि त्यांच्याकडे जाणारी वायर कुजलेली. ते बदलले, नोझल तपासून घेतले, व्हॉल्व्हची फट जुळवली, रेडिएटर साफ केला. ९,६०० रुपयांत इंजिन न उघडता पहिल्या चावीला चालू! ह्या एका ओळीने आमची जीप वाचली असे मी म्हणेन. दुखणे कुठे आहे ते बघितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, हे माणसांना जसे लागू, तसेच गाडीला.

याच रकान्यात टायर आले. मूळच्याच मापाचे, ६.०० गुणिले १६, पण खोल नक्षीचे. चार मिळून २२,००० रुपये.

मग दिव्यांची पाळी आली. मुलाची एलईडी पट्टी गेली होती, पण त्याला मेस्त्रींनी दुसरा मार्ग दाखवला. जुन्या जिपेत दिव्याचा सगळा करंट जुन्या वायरीतून आणि स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच कमी होतो. बॅटरीतून रिलेमार्फत जाड वायर सरळ दिव्याला दिली की तेच ६०/५५ वॅटचे बल्ब दुप्पट पडल्यासारखे वाटतात. ते काम मुलाने मेस्त्रींच्या देखरेखीखाली स्वतः केले. पुढच्या सीटांना नवे पट्टे घातले. दोन्ही मिळून ६,३०० रुपये.

आता माझी चूक सांगते. शेवटी पत्र्याला पैसे कमी उरले. उजव्या बाजूचा तळ पूर्ण सडला होता, तो कापून नवा पत्रा वेल्ड केला. डाव्या बाजूला भोके लहान होती. डेंटिंगवाला म्हणाला, "वैनी, हे पण कापूया." मी वही बघितली आणि म्हणाले, "नको, लांबी भरा." ११,५०० मध्ये भागले. पुढच्याच पावसाळ्यात डाव्या बाजूचा रंग फुगला आणि बोटाने दाबला तर आत गेला. लांबीने भोक झाकते, गंज थांबत नाही. दिसण्याला शेवटी ठेवा म्हणत मी रकाने आखले, आणि पत्र्याला दिसण्याच्या रकान्यात टाकून बसले. तळाचा पत्रा हा दिसण्याचा भाग नव्हताच.

बेरीज ८०,४०० झाली. ठरल्यापेक्षा ५,४०० जास्त. शिवाय २०२४ मध्ये पासिंगची मुदत संपत होती. पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली होती, ती भरली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली आहे. जुनी गाडी ठेवणाऱ्याने दर पाच वर्षांनी येणारा हा खर्च वहीत आधीच मांडावा.

२०२४ च्या जुलैमध्ये रोपलावणी होती. ह्यांना सुटी नव्हती, मुलगा कॉलेजला. मामा सकाळीच छत्री घेऊन दारात उभे. त्यांना एका डोळ्याने कमी दिसू लागल्यापासून ते चालवत नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "ई सल नी होडि."

मी गावात आमची छोटी कार चालवते. पण ही जीप तेवीस वर्षांत एकदाही हातात घेतली नव्हती. कुणी नको म्हटले नव्हते, आणि घे असेही म्हटले नव्हते. स्टिअरिंग जडच होते, पण थडथडले नाही. राडा सुरू झाला तिथे मामांनी थांबायला सांगितले, चारही चाके जोडून लो गिअर घालायला लावला आणि म्हणाले, आता ब्रेकला पाय लावू नकोस, इंजिनच तिला धरून ठेवते. ओढ्याच्या उताराला माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला. मामांनी नुसते बघितले. मी पाय काढला. जीप आपल्या चालीने, माणूस उतरावा तशी, उतरली.

बांधावर पोचल्यावर मी त्यांना वही वाचून दाखवली, कारण एवढा खर्च कशाकशात गेला ते त्यांनी कधी विचारले नव्हते. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, डाव्या बाजूचा पत्रा दिवाळीनंतर कापून घेऊया, पैसे मी देतो.

डाव्या पत्र्याची ती ओळ वहीत मी तिथेच लिहिली. "थांबणे"च्या रकान्यात.