थंड इंजिनापाशी

जुनी गाडी बघायला जायचं तर उजाडताना जावं. तिला अजून कुणी हात लावलेला नसावा, रात्रभराच्या थंडीत तिच्या पोटातलं तेल निथळून तळाशी विसावलेलं असावं, काचांवर दव असावं आणि बॉनेटवर टेकवलेल्या तळव्याला पत्र्याचा गारवा थेट कोपरापर्यंत जाणवावा. गाडी जोरात पळण्यासाठीच घडवलेली असेल, तर ही वेळ अधिकच जपावी. पळताना तिच्याकडे सगळेच बघतात. उभी असते तेव्हा तिच्याजवळ आपण एकटे असतो.

मोर्शीतली डिसेंबरची सकाळ अशा बघण्याला फार सोयीची. सिंभोऱ्याच्या बाजूने, अप्पर वर्धा धरणाच्या अफाट पाण्यावरून उठलेलं धुकं रस्त्यांवर रेंगाळत असतं; संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असल्यामुळे हवेत देठ नुकताच तुटल्याचा हिरवा, किंचित कडसर वास असतो; उत्तरेकडे सातपुडा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण त्याची निळी रेघ आकाशात उमटायला अजून अवकाश असतो. अशा वेळी एका अंगणातल्या कडुलिंबाखाली विकायला ठेवलेली एक लाल पोलो जीटी उभी होती. पाटीवर एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडची. माझ्या पुतण्याच्या डोळ्यांत ती आदल्या रात्रीपासूनच धावत होती. किल्लीसाठी त्याचा हात पुढे झाला, तेव्हा सोबत आणलेल्या मिस्त्रींनी मनगट हलकेच धरलं.

“थांब बाबू. गरम करून ठेवली असन, तं पाहाचं कामच नाई.”

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. डोळे मिटले. गार होती.

चाकणच्या कारखान्यातून पहिली पोलो बाहेर पडली ती २००९च्या डिसेंबरात. जीटी टीएसआय आली २०१३ साली: अवघं १.२ लिटरचं इंजिन, पण त्याला टर्बोची जोड, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटरचा ओढा आणि सात गिअरची दुहेरी क्लचची पेटी. घरातल्या माणसांना बाजारात नेणारी छोटी गाडी मनात आलं तर मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकू शकते, हे तिने एका पिढीच्या पोरांना दाखवलं. २०२२ साली भारतात पोलो बनणं थांबलं. आता इथे कोरी मिळायची नाही. जी मिळेल ती कुणाच्या तरी हातांतून, कुणाच्या तरी पावसाळ्यांतून, रागालोभांतून आणि रात्रीच्या प्रवासांतून आलेली. म्हणून तिच्याभोवती फिरताना आपण एका न पाहिलेल्या माणसाला भेटत असतो.

ऊन आलं. हिवाळ्यातलं कोवळं, जमिनीशी तिरकं आलेलं ऊन पत्र्याच्या अंगावरून सरकू लागलं, आणि दुपारच्या झगझगाटात जे कधीच दिसलं नसतं ते दिसू लागलं. बॉनेटवर, छतावर उजेड पाण्यासारखा सपाट पसरला होता. डाव्या मागच्या दारावर मात्र तो थबकला. तिथला रंग संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणेदार होता. रंग तोच, चमक तीच, पण त्या दाराने केव्हातरी एक घाव सोसला होता. मिस्त्री खाली बसले. दार आणि चौकट यांच्यातली फट त्यांनी बोटाने वरून खाली चाचपली, बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग तडकलाय का ते पाहिलं, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात जोडकाम शोधलं. बोल्ट शाबूत होते, खळगा स्वच्छ होता. मार वरवरचा होता.

सगळ्याच जखमा हाडापर्यंत जात नाहीत.

मग आत. गाडीचा आतला वास ही तिची सर्वांत जुनी आठवण. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली, अत्तराच्या कुप्या टांगल्या, तरी गालिच्याखालून एक ओला, मातकट उसासा येतच राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तर आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. इथे पट्टा शेवटपर्यंत कोरडा, स्वच्छ होता. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरचं कातडं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड ही मीटरच्या आकड्याला कौल देणारी तीन ठिकाणं. आकडा बदलता येतो, पण पावलाने रोज थोडं थोडं खाल्लेलं रबर परत भरून येत नाही. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात क्रमाने लावलेल्या होत्या, तारखा आणि किलोमीटर एकमेकांना धरून चढत गेलेले. कुणीतरी हे कागद दुमडताना प्रत्येक वेळी कडा जुळवल्या होत्या. मला तो माणूस आवडू लागला.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४११८. म्हणजे २०१८ सालचा एकेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबरचा मध्य. तेव्हा इकडे पाऊस परतलेला असणार, बागांमध्ये आंबियाच्या फळांवर पिवळसर झाक चढू लागली असणार, आणि कुठल्याशा कारखान्यात हे काळं रबर साच्यातून गरम गरम बाहेर आलं असणार. नक्षी अजून बऱ्यापैकी खोल होती. पण नख रुतत नव्हतं. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. चारही टायर त्याच वयाचे.

“आता लाव,” मिस्त्री म्हणाले.

किल्ली फिरली. थंड इंजिनाचा पहिला श्वास ऐकण्यासाठी तिघेही आपसूक वाकलो. काही क्षण एक कोरडा, घाईचा आवाज, मग तळातलं तेल वर चढत चढत प्रत्येक सांध्यापर्यंत पोहोचलं आणि तो आवाज गोल, मऊ, एकसंध झाला. मागच्या नळीतून वाफेचा पांढरा पुंजका निघाला, धुक्यात मिसळला, विरला. निळा धूर असता तर इंजिन तेल पितंय, पांढरा धूर गोडसर वासाचा आणि न थांबणारा असता तर कूलंट जळतंय. काहीच नव्हतं. फक्त सकाळ होती आणि तिच्यात एक इंजिन जागं झालं होतं.

मला नेहमी टर्बोचं नवल वाटतं. इंजिनाने टाकून दिलेल्या श्वासावरच तो जगतो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने त्याचं मुठीत मावणारं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं, आणि त्या भोवऱ्याला सांभाळून धरतो तो तेलाचा एक पडदा, केसाहूनही पातळ. दौड संपताच कुणी इंजिन झटक्यात बंद केलं, तर तेलाचा ओघ थांबतो आणि तापलेल्या टर्बोत साचलेलं तेल तिथेच करपू लागतं. म्हणून जाणता माणूस घरी आल्यावर मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवतो. दिवसभराची दौड अंगणात उभी राहून निवते. ते मिनिट कुठल्याही पावतीवर नोंदलं जात नाही. टर्बोच्या नळ्यांच्या जोडांवरून मिस्त्रींनी फडका फिरवला. तो कोरडा निघाला, आणि अनोळखी मालकाची ती सगळी न नोंदलेली मिनिटं एकदम समोर उभी राहिली.

रस्त्यावर आधी माणसाच्या चालीने. दुहेरी क्लचची ही कोरडी पेटी मोकळ्या रस्त्यावर थकत नाही, ती थकते गर्दीत, सरकत-थांबत जाताना. म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या मधल्या पायरीवर थरथर येते का, हे आधी पाहायचं. नाही आली. मग वरुडच्या दिशेने रस्ता मोकळा झाला, दोन्ही हातांना फळांनी वाकलेल्या बागा, आणि पुतण्याने पाय दाबला. पाठ सीटला टेकली, झाडांची रांग एकच हिरवी-केशरी पट्टी झाली, पोटात कुठेतरी बालपणीच्या झोक्याची वरची टोकाची जागा आली, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की त्याच्या आजोबांची आठवण यावी.

“पळते तं कोनतीबी,” मागून मिस्त्री म्हणाले. “थांबवून दाखव.”

मागेपुढे कुणी नाही हे पाहून त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, पाय न थरथरवता, नाक खाली घालून थांबली. शांतता झाली. बागेतून तोडणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू आलं. पुतण्याचे हात अजून स्टिअरिंगवर होते, आणि त्या हातांना आता गाडीचं वजन कळलं होतं. वेग अंगात भिनणं सोपं असतं. तो सांभाळण्याची जबाबदारी अशी एका थांबण्यातून अंगात उतरते. त्याने पुन्हा गाडी हलवली ती हळू, आणि मला तेव्हाच वाटलं की ही याला शोभेल.

गाडी घेतली. चार नव्या टायरची किंमत सौद्यातून वळती झाली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्यावरच पैसे दिले.

तुमच्या घरातलं कुणी वेगाच्या ओढीने जुनी गाडी आणायला निघालं असेल तर त्याला अडवू नका, त्याच्याबरोबर जा. सकाळी जा, इंजिन थंड आहे ना ते हाताने पाहा, एक जाणता मिस्त्री सोबत घ्या. आधी टायर आणि ब्रेक बघा, रंग सगळ्यांत शेवटी. आणि गाडी किती पळते हे विचारण्याआधी ती थांबते कशी, ते त्याला स्वतःच्या पायाने कळू द्या.