अंगणातील गुजरी

हुबळी आणि धारवाड या शहरांत सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर असले, तरी १९६२ साली त्यांची महापालिका एकच करण्यात आली. २०१४ साली हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले; आपल्या मराठी घरांतून मात्र अद्याप 'हुबळी'च ऐकू येते. या दुभाषी मुलखात एका शब्दाची मोठी मौज आहे. कानडीत 'गुजरी' म्हणजे मोडीचा माल. रद्दी, फुटकी बादली, गंजलेले लोखंड तेथे वजनावर जाते. कोल्हापुरास मात्र गुजरी म्हणजे सराफांची पेठ! एकाच शब्दाच्या एका टोकास भंगार, दुसऱ्या टोकास सोने.

धारवाडातील जुनी मराठी घरे आता एकेक करून मिटत आहेत. अशाच एका परिचित घराची आवराआवर गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली. घरच्या काकू पुण्यास लेकीकडे निघाल्या होत्या. भांडी वाटली गेली, पुस्तके वाचनालयास गेली. उरला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात परदेशी असलेल्या मुलाने १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास जमविलेली, 'बिग फन' च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटची चित्रे होती. त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत, आणि त्यांची बेरीज जुळविण्यासाठी मुले जिवाचे रान करीत. गुजरीवाल्याने डबा हातात तोलला, पत्र्याचा भाव सांगितला आणि चित्रे रद्दीत धरली.

वास्तविक या छंदाचा उगमच टाकाऊ वस्तूत आहे. सिगारेटचे कागदी पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. पुढे त्यावर चित्रे छापू लागले. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली. अमेरिकेत १९०९ च्या सुमारास निघालेले होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे चित्र मोजकेच उरले. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरांस गेली. कागद तोच, फरक दुर्मिळतेचा आणि शोधणाऱ्याच्या ओढीचा.

अमेरिकेत असा माल घरापुढील हिरवळीवर मांडून विकतात. आपल्याकडे अंगण असते, परंतु तेथे घरचे सामान मांडले की 'दिवस फिरले वाटते' अशी कुजबुज सुरू होते. म्हणून आपण बोहारणीस आणि रद्दीवाल्यास दाराआडूनच सारे देऊन टाकतो. बंगळूरच्या एका व्यापाऱ्याने दूरध्वनीवर सगळ्या डब्याचे दोन हजार देऊ केले. काकूंना पैशांची निकड होती, तरीही त्या म्हणाल्या, "मास्तर, एक रविवार थांबू या. शोधत येणाऱ्याच्या हाती जाऊ देत."

आंब्याखाली सतरंजी पसरली. चित्रास दहा रुपये ठरले. लहान मुलांना कपिलदेव आणि गावसकर ओळखता आले. इतर चेहरे त्यांना परकेच. गदगकडील एका गृहस्थांनी कानडीत सुनील जोशींचे चित्र आहे का, असे विचारले. गदगहून हुबळीस सरावाला येणाऱ्या या गोलंदाजाने १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा षटकांत सहा धावा देऊन पाच बळी घेतले, याचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर ओसंडत होता. परंतु जोशी भारतीय संघात आले १९९६ साली. हा डबा त्याआधीच बंद झालेला! विद्यागिरीहून आलेल्या बँकेतील एका अधिकाऱ्यांनी तासभर चाळून एकच चित्र उचलले. लहानपणी बेरजेस तेवढेच कमी पडले होते, म्हणाले, आणि शंभराची नोट ठेवून सुटे न घेताच निघून गेले.

संध्याकाळी हिशेब केला तेव्हा अकराशे चाळीस रुपये जमले होते. व्यापाऱ्याच्या बोलीहून ते कमीच. काकूंनी ते दोनदा मोजले. मग उरलेली चित्रे शेजारच्या मुलास देऊन म्हणाल्या, "डिंकाने चिकटवू नकोस, कडा कापू नकोस."

घर मिटविण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येणार आहे. वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की तराजू दारी येण्यापूर्वी एक रविवार अंगण मोकळे ठेवावे. कोणती गुजरी म्हणावी, हे तेथे येणारा ठरवील.