सहलीच्या आधीची सहल

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली, की मुलांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : 'यंदा सहल कोठे जाणार?' सातपूरच्या एका प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग या नियमाला अपवाद नव्हता. हजेरी संपते न संपते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, धरणावर! नावेत बसायचं!" आणि सारा वर्गच जणू नावेत बसल्यासारखा डुलू लागला.

सातपूर ही कामगारांची वस्ती. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथील शिवारात पिकांच्या जागी कारखान्यांची छपरे दिसू लागली. निरनिराळ्या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी येथे आली आणि येथलीच झाली. त्यांच्या मुलांना पाळ्यांच्या वेळा पाढ्यांसारख्या पाठ असतात. वडील रातपाळी करून झोपलेले असले, की घरात हळू बोलायचे, हेही त्यांना सांगावे लागत नाही. अशा घरांतून सर्वांनी मिळून कोठे हिंडायला जाण्याचा योग क्वचितच येतो. कित्येक मुलांच्या वाट्याला शाळेची सहल हाच वर्षातला एकमेव प्रवास. तेव्हा ती कोठे न्यावी, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

बाईंनी लगेच उत्तर दिले नाही. "उद्या सांगते," एवढेच म्हणून त्यांनी फळ्यावर गणित घातले. परंतु त्यांचे लक्ष गणितात नव्हते. नावेचे नाव निघताच त्यांना एक बातमी आठवली होती.

१८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातेतील वडोदरे येथे हरणी तलावावर एका शाळेची सहल गेली होती. मुले नावेत बसली. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. ती मुले सकाळी डबा घेऊन हसत घराबाहेर पडली असतील, आणि त्या शिक्षिकांनीही आपल्या मुलांना आनंद मिळावा म्हणूनच ती सहल काढली असेल. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, ही गोष्ट मनाला अधिकच लागते. "आणखी दोघे बसले तर काय होतंय?" या एका वाक्यात केवढा अनर्थ दडलेला असतो!

दुसऱ्या दिवशी बाईंनी धरणाचे नाव यादीतून खोडले. मुले हिरमुसली. दोघा-तिघांनी तर मधल्या सुटीत डबाही उघडला नाही. बाईंनी त्यांना बातमी सांगून घाबरवले नाही. नाव ठरावीक माणसांसाठीच असते आणि आपण चाळीस जण आहोत, एवढेच त्या म्हणाल्या. मुलांचा रुसवा सोसणे हे वडीलधाऱ्यांना जड जाते, पण कधीकधी तो सोसावाच लागतो.

शिक्षकांच्या खोलीत मात्र निराळाच सूर निघाला. "मग सहलच कशाला? पटांगणावर वनभोजन करू. जबाबदारी नको आणि धावपळही नको." हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, आणि त्यामागे खरी भीतीही असते. पण मूल कायम चार भिंतींत ठेवून त्याचे रक्षण झाले, असे म्हणता येत नाही. त्याचे शिकणे तेवढे थांबते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा तेथे शाळाच कुरणात गेली. भिंतीबाहेरही शाळा भरते, हे महाराष्ट्राने केव्हाच पाहिले आहे.

बाईंनी पांडवलेण्यांची निवड केली. ते ऐकून एका मुलाची आई शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या जवळ कसली सहल? तो डोंगर तर येता-जाता दिसतो." त्यावर बाईंनी विचारले, "तुम्ही वर गेलात कधी?" ती माउली हसली. बारा वर्षे सातपुरात राहून ती एकदाही वर गेली नव्हती.

जवळपणाचा दुसरा लाभ बाईंनी कोणाला बोलून दाखवला नाही. दूरची सहल म्हणजे अधिक वर्गणी, आणि अधिक वर्गणी म्हणजे तीन-चार मुले घरी. ती मुले आदल्या दिवशी आपण होऊनच सांगतात, "मला ताप येणार आहे." बाईंना हा ताप चांगला ठाऊक होता. शैक्षणिक सहलींना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. डबा घरचा, वाट थोडी. त्यामुळे वर्गणी इतकी कमी झाली, की यंदा कोणालाच ताप आला नाही.

वरिष्ठांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती हे सोपस्कार झाले. पण बाईंची खरी तयारी एका रविवारी झाली. त्या दिवशी त्या एकट्याच, हातात एक वही घेऊन, लेण्यांकडे निघाल्या.

डोंगराच्या पायथ्याजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. गाडी कोठे उभी राहील, मुले कोणत्या बाजूला उतरतील, रस्ता ओलांडावा लागेल काय, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. पायऱ्या चढताना त्या मध्येच थांबत होत्या. चाळीस मुले एकदम टेकू शकतील अशी सावली कोठे आहे, हे शोधत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. एका ओट्याच्या कडेशी त्या चक्क उकिडव्या बसल्या आणि इकडे तिकडे पाहू लागल्या. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थाने काळजीने विचारले, "काही हरवलं का?" हरवले काहीच नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना तेथून काय दिसते, हे त्या पाहत होत्या. मोठ्यांना जी कड सहज दिसते, ती लहानांना दिसत नाही. आणि मोठ्यांना जे भोक दिसतही नाही, त्यातून लहान मूल सहज आरपार जाते.

लेण्यांच्या अधूनमधून खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. प्राचीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' असे नाव आहे. हे जुने नाव बाईंना फार आवडले. पण वहीत त्यांनी त्याच्यापुढे लाल शाईने लिहिले, 'येथे मोठे माणूस उभे राहील.' उभ्या कड्यांवर मधमाश्यांची मोहळे लागतात, म्हणून 'दगड नाही, धूर नाही, ओरडा नाही' हीही ओळ पडली. पाणी, स्वच्छतागृह, जवळचा दवाखाना, कोणाला गाडी लागते, कोणाला दमा आहे, हेही सारे त्या वहीत होते. लेण्यांची रांग डोंगराच्या उत्तर अंगाला आहे, त्यामुळे हिवाळ्यात मुलांना तेथे सावली मिळेल, हे पाहून त्यांना हायसे वाटले.

मग त्या लेण्यांकडे वळल्या. येथे एकंदर चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, दिलेल्या दानाची नोंद आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्यांतल्या एकाने बाईंना थांबवूनच ठेवले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखात एक ठेव सांगितली आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण ठेवले. त्यांवर दरमहा शेकडा एक व्याज. मुद्दल परत घ्यायचे नाही. व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. बाईंनी वही उलटी करून मागच्या पानावर हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा उजळला. हे तर चौथीचे गणित!

सहलीच्या दिवशी चाळीस मुलांचे चार गट झाले. प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार. "जोडीदार दिसला नाही, तर आधी थांबायचं आणि लगेच सांगायचं," हे बाईंनी इतक्या वेळा घोकून घेतले होते, की मुले ते पाढ्याच्या चालीवर म्हणत होती. पायऱ्या मोजायला सांगितले होते. वर पोचेपर्यंत चाळीस जणांच्या सतरा निरनिराळ्या संख्या झाल्या आणि त्यावरून उतरताना पुन्हा मोजायचे ठरले.

तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखाली मोठमोठ्या यक्षमूर्ती आहेत. सगळे लेणे त्यांनी खांद्यावर तोलून धरले आहे, असे वाटते. एक मुलगा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "हे हमाल आहेत." त्याचे वडील मालधक्क्यावर ओझी उचलतात. पुस्तकात यक्ष म्हटले आहे, हे बाईंना ठाऊक होते. पण त्यांनी त्याला दुरुस्त करण्याची घाई केली नाही.

दहाव्या लेण्यात मुले गणिताला बसली. कोणी बोटे मोडली, कोणी दगडावर बोटाने आकडे काढले. दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा बारा, तेही दोनशे चाळीस! "बरोबर जुळलं!" असा एकच गलबला झाला आणि 'ओरडा नाही' हा नियम मोडला. गोवर्धन नावाचे गाव आजही सातपूरजवळ गोदावरीकाठी आहे, हे ऐकल्यावर तर तेथे आजी राहणाऱ्या एका मुलीची मान एकदम ताठ झाली.

त्या गलबल्यातच एक बारीक आवाज आला, "बाई, माझा जोडीदार नाही."

बाईंच्या छातीत धस्स झाले. त्यांची नजर आधी पोढीकडे गेली. तेथे उभ्या असलेल्या शिक्षकांनी दुरूनच मान हलवली; इकडे कोणी आलेले नाही. मुलांना जागच्या जागी बसवले, मोजले, एकोणचाळीस. बाहेरची कड पाहिली, पायऱ्यांचे तोंड पाहिले. तो सारा वेळ चार मिनिटांचाही नसेल, पण बाईंना तो फार लांब वाटला.

लेण्याच्या आत भिंतीला लागून भिक्षूंच्या कोठड्या आहेत. त्यांतील एका अंधाऱ्या कोठडीत, दगडी ओट्यावर, चाळिसावा मुलगा हात छातीवर ठेवून सरळ पडला होता. बाईंना पाहून तो उठलाही नाही.

"बाई," तो म्हणाला, "भिक्षूंना गादी नव्हती का हो?"

बाई काही न बोलता ओट्याच्या कडेवर टेकल्या. थोड्या वेळाने त्यांनी त्याचा हात धरला, त्याला बाहेर आणले आणि त्याच्या जोडीदाराच्या पाठीवर थाप मारली. मग वही उघडून, तांबड्या शाईने, त्यांनी पुढच्या वर्षासाठी एक ओळ लिहिली : 'कोठड्याही मोजाव्यात.'